बिल मामाजींच्या नावाचं

गावातल्या कोणाचा कोणता कागद कुठं आहे, ते मला विचारा. आसगावातल्या निम्म्या घरांची आधार कार्डं, सातबारे, जातीचे दाखले माझ्या हाताखालून गेलेत. घराच्या छपरीत टेबल टाकून मी ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करते. कोणाच्या बापाची जन्मतारीख शाळेत एक आणि आधारवर भलतीच आहे, ते मला पाठ असतं. लोकांना मी रागावून सांगत असते, कागद जपत जा, झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि माझ्याच लॅपटॉपचं बिल माझ्याजवळ नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हरवलं होतं असंही नाही. ते कुठं आहे हे मला नेमकं माहीत होतं. भिंतीपलीकडच्या भासऱ्यांच्या घरात, मामाजींच्या लोखंडी पेटीत. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. मामाजी म्हणजे सासरे, ते आता नाहीत. त्यांच्यामागं वाटणी झाली आणि घराच्या मधून भिंत उठली. पेटी एवढी जवळ होती की पलीकडं झाकण उघडलं तर मला ऐकू यायचं. पण स्वतः जाऊन बिल मागायची सोय नव्हती, कारण मी भासऱ्यांशी बोलत नाही.

भांडण होतं म्हणून नाही. आमच्याकडं रीतच तशी आहे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर उघड्या डोक्यानं यायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी हे सांगितलं आणि मी इतकी वर्षं ते पाळलं. काही सांगायचं असेल तर जाऊबाईंना सांगायचं, त्या पुढं सांगणार. जाऊबाई घरी नसल्या तर म्हशीला सांगायचं. 'म्हशी, पंप चालू राहिला वाटते,' असं मी म्हणायची आणि भासरे उठून पंप बंद करून यायचे. तेसुद्धा तसेच. 'खुंट्या, आज सांजचा पाहुणा येऊन राहिला,' असं गोठ्याच्या खुंट्याला सांगायचे आणि मी दोन भाकरी जास्त टाकायची. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं, कारण हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. बाहेरचं कोणी ऐकलं तर हसेल. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, घर चालत होतं.

लॅपटॉप मी घेतला तो माझ्या पैशानं. आधी मी पवनीला दुसऱ्याच्या ऑनलाइन सेंटरवर बसायची, रोज एसटीनं जायची यायची. तिथला पगार आणि भिशी मिळून साठवले आणि ठरवलं की आता आपल्या घरी आपलं काम करायचं. माझा नवरा चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीवर टिप्पर चालवतो, आठवड्यात एकदा घरी येतो. त्याला सुट्टी नव्हती. मग मामाजी म्हणाले, मी येतो. धोतर बदललं, टोपी घातली, आणि आम्ही दोघं एसटीनं भंडाऱ्याला गेलो. बाजारातल्या मोठ्या दुकानात त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः उभे राहिले. दुकानदारानं पाच-सहा दाखवले, मी तीन वर्षांची वॉरंटी असलेला निवडला. महाग होता, पण मी म्हटलं, आपलं पोट ह्याच्यावर आहे, कंजूसपणा करायचा नाही.

बिल करताना दुकानदारानं विचारलं, "नाव काय टाकू?"

आता माझं नाव सांगायचं ना. पैसे माझ्या पर्समधून निघालेले. पण सासरा बाजूला उभा, आणि मी आपलं नाव पुढं करू? आमच्या घरात विळ्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत कोणतीही वस्तू आली की घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं येते. कोणी सांगत नाही, तसंच होतं. मामाजींचं नाव सून म्हणून मी तोंडानं घेऊ शकत नव्हते, म्हणून त्यांच्याकडं हात केला. "यायच्याच नावानं करा," मी म्हटलं. मामाजी केवढे खूष झाले. स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट सांगितलं. मोबाइल नंबर विचारला तर त्यांनीच आपला नंबर एका दमात म्हणून दाखवला, त्यांना तेवढा एकच नंबर पाठ होता. परत येताना एसटीत लॅपटॉपचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "सुनेचा आहे. काम्पुटर." त्यांना लॅपटॉप म्हणता यायचं नाही.

बिल त्यांनी पेटीत ठेवलं, कारण घरातला महत्त्वाचा कागद पेटीतच जातो. पेटीत जायच्या आधी मी ते स्कॅन केलं. कशावर, तर त्याच लॅपटॉपवर, आणि ठेवलंही त्याच्यातच.

मामाजी गेले ते झोपेतच गेले. वर्षाच्या आत वाटणी झाली. धानाच्या बांध्या अर्ध्या-अर्ध्या झाल्या, बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, काठची आंब्याची झाडं वाटली, भांडी वाटली. पेटी आणि मामाजींचा मोबाइल थोरल्याकडं गेला, कारण बँकेचे आणि जमिनीचे सगळे ओटीपी त्या नंबरवर येत होते. लॅपटॉपचं नावही कोणी काढलं नाही. माझ्या टेबलावर होता, माझा होता. वाटणी करायला बसलेल्या पंचांपैकी एकानं तर त्याच दिवशी माझ्याकडून नातवाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरून नेला. भासऱ्यांच्या पोरीचा, माझ्या पुतणीचा, नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा फॉर्मही मी त्याच लॅपटॉपवर भरला. बिनपैशाचा, घरचं माणूस म्हणून. ती माझ्या बाजूला बसून पेढा खात होती.

मग धान निसवायला लागला आणि लॅपटॉप बंद पडला. चालूच होईना. पवनीच्या दुरुस्तीवाल्यानं उघडायला हात लावला तर मी ओढून घेतला. वॉरंटी होती, खोलला की ती गेली. वेळ वाईट आली होती. सरकारी खरेदी केंद्रावर धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि ती सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. माझं वर्षाचं खरं काम तेच. त्या दिवसांत माझी छपरी बंद दिसली असती तर लोक पवनीला गेले असते, आणि एकदा पवनीची वाट धरलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

म्हणून मी नागपूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं लॅपटॉप उलटा करून खालचा नंबर टाकला आणि म्हणाली, "वॉरंटी संपली आहे, मॅडम."

मी म्हटलं, कशी संपली, तीन वर्षांची आहे.

ती म्हणाली, कंपनीतून माल निघाला त्या तारखेपासून मोजतात. तो दुकानात पडून राहिला असेल. तुम्ही घेतला त्या तारखेपासून धरायचं असेल तर बिल दाखवा.

मी तिला किती सांगितलं. दुकानाचा डबा दाखवला, वॉरंटी कार्ड दाखवलं, त्यावर दुकानाचा शिक्का नव्हता. बिलाचं स्कॅन ह्याच्याच पोटात आहे म्हटलं, तुम्ही दुरुस्त करा, मी लगेच दाखवते. ती हसली. चांगली मुलगी होती, तिचा काही दोष नव्हता. "बिल आणा, आम्ही फुकट करून देऊ," म्हणाली.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, पेटीत पाहा. त्यांनी पुढं सांगितलं. पलीकडं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला, बंद झाल्याचाही ऐकला. जाऊबाई येऊन म्हणाल्या, "नाई म्हणते त्यात." मी म्हटलं, नीट पाहिलं का. त्या म्हणाल्या, "आता मी का दुसऱ्यांदा विचारू?" त्या तरी काय करणार. दोन्हीकडचं बोलणं वाहून न्यायचं आणि मधल्या मधे शिव्या खायच्या, एवढंच त्यांच्या नशिबी.

मग मी भंडाऱ्याला त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बिल कंप्युटरमध्ये आहे, आत्ता काढून देतो. माझ्या जिवात जीव आला. मामाजींचं नाव मी चिठ्ठीवर लिहून दिलं, ते गेल्यावरही नाव माझ्या तोंडातून निघत नाही. त्यानं शोधलं, सापडलं. मग म्हणाला, "ओटीपी सांगा."

"कायचा ओटीपी?"

"बिलावरच्या नंबरवर गेला आहे. आजकाल कोणीही येऊन कोणाचंही बिल मागते. नियम झाला आता."

मी त्याला म्हटलं, हा माणूस गेला. तो म्हणाला, नंबर तर चालू आहे. तेही खरंच होतं. नंबर चालू होता आणि भासऱ्यांच्या खिशात होता.

जाऊबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही, शेतात गेल्या असतील. काउंटरवर माझ्या मागं लोक उभे राहिले. दुकानदार घड्याळाकडं पाहून राहिला. शेवटी मी मामाजींचा नंबर लावला. माझ्या मोबाइलमध्ये तो अजून 'मामाजी' नावानंच होता.

भासऱ्यांनी उचलला. "हॅलो."

मी म्हटलं, "मी बोलून राहिली."

पलीकडं काही नाही. तोंडातला खर्रा, सुपारी-तंबाखूचा, घोळल्याचा आवाज तेवढा आला. मी म्हटलं, आता एक मेसेज आला असेल, त्यातले आकडे सांगा, लॅपटॉपच्या बिलासाठी पाहिजेत. तरी काही नाही. मी पुन्हा सांगितलं. भरल्या दुकानात डोक्यावरून पदर घ्यावा असं मला वाटत होतं, आणि फोनवर पदर कोणाला दिसणार. ते तिथं होते, ऐकत होते, श्वास येत होता. त्यांनी फोन कापला नाही आणि बोललेही नाहीत. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, गेला तो ओटीपी, दुसरा पाठवतो.

मग फोनवर दूरचा आवाज आला. ते बांधावरूनच जाऊबाईंना हाक मारत होते. जाऊबाई धापा टाकत आल्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी भासऱ्यांना सांगितलं. मी ऐकत होते. ते म्हणाले, "विचार तिले, बिल कोणाच्या नावाचं आहे?"

"मामाजीच्या," मी म्हटलं.

"मामाजीच्या म्हणते," जाऊबाई म्हणाल्या.

पलीकडं ते पचकन थुंकले. मग ते म्हणाले, "बरं. सांग तिले आकडे."

मला इतकं बरं वाटलं की दुकानातून निघाल्यावर मी त्यांच्यासाठी अर्धा किलो चिवडा घेतला आणि घरी येऊन जाऊबाईंच्या हाती दिला. तो चिवडा आजही माझ्या घशात अडकतो. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आणि वरून गोड मानलं.

बिल घेऊन पुन्हा नागपूरला गेले. त्या मुलीनं बिल पाहिलं, लॅपटॉप ठेवून घेतला. पावतीवर नंबर लिहायची वेळ आली तेव्हा मी माझा नंबर सांगितला. ती म्हणाली, बिलावर आहे तोच टाकावा लागतो, मॅडम, वॉरंटीचं काम आहे. मी म्हटलं, टाका. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिवसभर लोकांचे नंबर आणि ओटीपी हाताळणारी मी, मला दिसलं नाही.

दुरुस्त झाल्याचा मेसेज येईल असं सांगितलं होतं. मेसेज मला येणार नव्हता, म्हणून मी रोज जाऊबाईंना विचारायची. "नाई आला म्हणते," त्या सांगायच्या. इकडं लोक सातबारे घेऊन छपरीसमोर उभे राहायचे, नोंदणी सुरू झाली का विचारायचे. मी म्हणायची, येते, लॅपटॉप येतेच. शेवटी वाट पाहून स्वतःच गेले. पावती पुढं केली. त्या दिवशी दुसरा मुलगा होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "हे तर डिलिव्हर झालं."

"कोणाले?"

"घरचेच होते. ओटीपी सांगितला, सही केली, नेला."

मी काउंटर धरून उभी राहिले. तो म्हणाला, मॅडम, पाणी पिता का. मी पाणी प्यायले. मग त्याला म्हटलं, सही दाखव. त्यानं दाखवली. भासऱ्यांची सही मी ओळखते, त्यांचे सगळे फॉर्म मीच भरते.

बसमधूनच नवऱ्याला फोन लावला. त्याला माहीत होतं. "दादा बोलले माह्याशी," तो म्हणाला. "पोरीले कॉलेजात लॅपटॉप लागते. बाबाच्या नावाचा होता तर वाटणीतलाच झाला म्हणते. जाऊ दे ना आता. पोरीच्या शिक्षणाले नेला, कोणत्या दारूले तर नाई नेला."

मी त्याला म्हटलं, माझ्या पोटाचं काय.

तो म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ."

मी फोन ठेवला. तो माणूस वाईट नाही. टिप्पर एवढ्या मोठ्या खाणीत उतरवतो आणि थोरल्या भावासमोर त्याचा घसा सुकतो. पण त्या दिवशी मला त्याची चीड आली आणि ती अजून पुरती गेली नाही. पोरीच्या शिक्षणाची गोष्ट पुढं केली की माझं तोंड बंद होतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. गावभर मीच सांगत फिरते ना, मुलींना शिकवा म्हणून. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू की पोरीच्या हातातला लॅपटॉप काढून मला द्या. आयत्या बिळावर नागोबा बसला होता आणि वरून पुण्य लागत होतं.

बसमधून उतरले ती घरी न जाता सरळ पलीकडच्या अंगणात गेले. भासरे बाजेवर बसून खर्रा चोळत होते. जाऊबाई तांदूळ पाखडत होत्या. मी पदर डोक्यावर घेतला नाही. विसरले असं कोणाला वाटू नये म्हणून कमरेला खोचला. आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तो लॅपटॉप माहा आहे," मी म्हटलं. "माह्या पैशाचा आहे. तुमाले मालूम आहे. मले वापस द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडं सरळ पाहिलं. त्यांची एक भुवई मामाजींसारखी आहे, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातल्या खर्ऱ्याकडं पाहत जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिले, बिल कोणाच्या नावाचं आहे ते पाय म्हणा."

"मी इथंच उभी आहे," मी म्हटलं. "मले सांगा."

"सांग तिले, बाबाचं होतं तेवढं वाटलं. हे एक राहून गेलं होतं."

"अर्धा तरी माहा नाई का मंग? वाटणी म्हणता तर अर्धा कापून द्या."

जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं. "जाय वो घरी," त्या हळूच म्हणाल्या. त्या माझ्याकडंही पाहत नव्हत्या. भासरे उठले, खर्रा तोंडात टाकला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चाल, पाण्यावर जाऊ." म्हैस घेऊन निघून गेले. मी रिकाम्या बाजेशी बोलल्यासारखी तिथं उभी. मग घरी आले आणि मोरीत तोंड धुतलं, कारण रागानं मला रडू येतं आणि ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

पुतणीचा फोन आला त्यानंतर. "काकू, पासवर्ड सांगा ना." तिला वाटत होतं मी दिला आहे, खुशीनं. तिचे आईबाप तसंच बोलले होते. मी तिला पासवर्ड सांगितला. तिला खरं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ती एवढी खूष होती, म्हणत होती, काकू, मी नीट वापरीन. मी म्हटलं, वापर बाई. आतल्या माझ्या सगळ्या फाइली काढून टाक. बिलाचं स्कॅनही त्यातच गेलं असेल.

मी हातावर हात ठेवून बसले नाही. पवनीहून एक जुना लॅपटॉप आणला, त्याची दोन बटणं दाबली जात नाहीत आणि बॅटरी नाही, लाइन गेली की तो गेला. घेताना मी दुकानदाराला म्हटलं, बिल माझ्या नावाचं करा. "जुन्या वस्तूचं कायचं बिल, बाई," तो म्हणाला. म्हणजे तोही माझ्या नावाचा नाही. काय करता. छपरी पुन्हा उघडली. निम्मे लोक तोवर पवनीला जाऊन आले होते. उरलेल्यांची नोंदणी मी दिवसा, लाइन असेल तशी, करून दिली.

नोंदणीचे शेवटचे दिवस आले तेव्हा जाऊबाई छपरीत आल्या. हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक. दरवर्षी असंच चालायचं. कागद जाऊबाई आणायच्या, ओटीपी भिंतीपलीकडून ओरडून सांगायच्या, आणि मी भरून द्यायची. "यायचं राहून गेलं म्हणते," त्या म्हणाल्या. "पवनीले लाइन मोठी आहे."

कामापुरता मामा. मी पिशवीला हात लावला नाही.

"यंदा नियम बदलला, बाई," मी म्हटलं. "शेतकऱ्याचा फोटो इथंच, जागेवर काढावा लागते. ज्याचा सातबारा, त्यालेच बसावं लागते."

नियम खरंच बदलला होता. मी बनवलेला नव्हता. पण सांगताना मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

भासरे आले. छपरीत आणखी दोघं-तिघं बसले होते. ते बाकावर टेकले, आणि जाऊबाई त्यांच्या मागं उभ्या राहिल्या. माझा पदर खांद्यावर होता.

"नाव सांगा," मी म्हटलं.

ते जाऊबाईंकडं वळून म्हणाले, "तिले मालूम नाई का माहं नाव?"

"मले तुमचं नाव घेता येत नाई," मी म्हटलं. "तुमालेच सांगावं लागेल. मले सांगा."

बाकावरचा म्हातारा हसला. भासऱ्यांनी खर्रा बाहेर जाऊन थुंकला, परत येऊन बसले, आणि नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट. मामाजींनी भंडाऱ्याच्या दुकानात सांगितलं होतं, त्याच चालीवर. मी टाइप केलं.

मग फोटो. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो आणि मी स्क्रीनच्या मागं बसलेली. ते खाली पाहत होते आणि फोटो घेतला जात नव्हता. "वर पाहा," मी म्हटलं. त्यांनी छताकडं पाहिलं. "इकडं. माह्याकडं." तेव्हा त्यांनी पाहिलं. एवढ्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा एकमेकांचं तोंड समोरून पाहत होतो आणि मधे एक मोडका लॅपटॉप होता. फोटो निघाला.

ओटीपी आला. मोबाइल मामाजींचाच होता, मागं त्यांनी चिकटवलेली चिकटपट्टी अजून तशीच. "सांगा," मी म्हटलं. त्यांनी आकडे सांगितले, एकेक करून, मला, आणि माझं बोट त्या शेवटच्या आकड्यावर थांबलं. एक आकडा चुकवला असता तर नोंदणी राहिली असती आणि त्यांचा धान व्यापाऱ्याच्या घशात गेला असता. माझ्या मनात आलं, आता म्हणावं, आधी माझा लॅपटॉप आणा. छपरीत साक्षीदार बसलेले होते. पण लॅपटॉप नागपूरला त्या पोरीच्या टेबलावर होता, आणि ज्या बांध्यांचा हा धान होता त्या मामाजींच्या होत्या, त्यांच्या काठानं मी जेवणाचा डबा घेऊन गेले आहे. मी आकडा बरोबर टाकला. प्रिंट काढून समोर ठेवली.

"झालं का?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.

"झालं."

आणि मी फी सांगितली, बाकीच्यांना सांगते तीच. घरचं माणूस म्हणून आजवर घेतली नव्हती. त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

जाऊबाई कागद पिशवीत भरत मागं राहिल्या. सगळे कागद भरून झाले तरी पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मग खाली वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं बोलल्या. "मले एक शिलाई मशीन घ्याची आहे. भिशीचे आहेत माह्याजवळ. त्याचं बिल माह्या नावानं होते का?"

"होते," मी म्हटलं. "दुकानात नाव विचारलं की तुमचं सांगाचं. नंबरही तुमचाच."

"यायले सांगू नोको मातर."

"मी कशी सांगू, बाई," मी म्हटलं. "मी त्यायच्याशी बोलत नाई."